मृताचे वस्त्र : पांसुकूल, वतन आणि आपली समीक्षा

मृत्यू सर्वांना समान करतो, हे वाक्य मराठीत शोकसभेपासून शालेय निबंधापर्यंत सर्वत्र आढळते. प्राण जाण्याची क्रिया समान असेल; परंतु प्राण गेल्यानंतर जे उरते त्याचे पुढे काय होते, हे या देशात कधीच समान नव्हते. मरणाचा निरोप परगावी कोणी न्यायचा, सरणाची लाकडे कोणी फोडायची आणि प्रेतावरचे कापड कोणाकडे जायचे, या प्रश्नांची उत्तरे गावगाड्याने जातीवार ठरवून ठेवली होती. पहिल्या दोन कामांविषयी मराठी साहित्यात पुष्कळ लिहिले गेले आहे. तिसऱ्या गोष्टीविषयी, म्हणजे प्रेतावरच्या वस्त्राविषयी, मात्र आपली समीक्षा फारशी बोलत नाही. आणि जेव्हा बोलते तेव्हा प्रस्तुत लेखकाच्या मते दोन निरनिराळ्या दिशांनी चुकते. त्या दोन्ही चुकांचा येथे विचार करावयाचा आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ साली प्रसिद्ध झाला. गावकामगारांची कामे आणि त्यांचे हक्क यांचे त्यात आलेले वर्णन आजही अभ्यासकाला टाळता येत नाही. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले आणि तीच व्यवस्था आतल्या बाजूने कशी दिसते हे मराठी वाचकाला कळले. मर्तिकाची वार्ता घेऊन ऊन-पाऊस न पाहता परगावी धावणारा महार त्यात आहे. महाराच्या ‘हक्कां’मध्ये अनेक ठिकाणी प्रेतावरच्या कापडाचाही समावेश होता. हक्क हा शब्द येथे लक्षात घेण्याजोगा आहे. शेतकऱ्याचा जमिनीवर हक्क, पाटलाचा मानपानावर हक्क आणि महाराचा मढ्याच्या कापडावर हक्क! याचे शास्त्र मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात सापडते. चांडालांनी मृतांची वस्त्रे नेसावीत, ज्याला कोणी आप्त नाही असे प्रेत त्यांनी वाहून न्यावे, राजाज्ञेने ज्यांचा वध करावयाचा त्यांची वस्त्रे, शय्या व अलंकार त्यांनी घ्यावेत, असे तेथे सांगितले आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जो ग्रंथ जाळला गेला त्यात ही कलमे होती, आणि १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे जे विधेयक मांडले त्याचा संबंधही याच ‘हक्कां’शी होता, हे दोन्ही एकत्र वाचले पाहिजे.

औंढा नागनाथच्या परिसरात मरणाचा विषय निघाला की संत नामदेवांची आठवण निघतेच. नरसी बामणी येथून जवळ. एका परंपरेनुसार ते नामदेवांचे जन्मगाव. विसोबा खेचरांची आणि त्यांची भेट औंढ्याच्या देवळात झाली, पिंडीवर पाय ठेवून निजलेल्या विसोबांनी त्यांचे डोळे उघडले, आणि देवळाच्या मागे उभे राहून कीर्तन करणाऱ्या नामदेवांसाठी देऊळच फिरले, या कथा येथे लहान मुलांनाही पाठ असतात. पण त्याच नामदेवांची आणखी एक कथा आहे, ती येथे कमी सांगितली जाते. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असता ते कोसळले आणि त्याखाली चोखामेळा व इतर मजूर गाडले गेले. परंपरा हा प्रसंग शके १२६०, म्हणजे इसवी सन १३३८ चा मानते. नामदेव तेथे गेले. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची म्हणून त्यांनी ओळखली आणि पंढरपूरला आणून महाद्वारासमोर पुरली.

ही कथा हृदयस्पर्शी आहे यात शंका नाही. ज्या समाजात महाराचे जिवंत शरीरही कोणी शिवत नव्हते, तेथे एक शिंपी संत त्याची हाडे हाताळतो, ही साधी गोष्ट नव्हे. तरीही पालि वाङ्मयाच्या अभ्यासकाला या कथेजवळ थांबून एक प्रश्न विचारावासा वाटतो. ज्या हाडांतून नाम ऐकू आले ती चोखोबांची. ज्यांतून ऐकू आले नाही ती कोणाची? त्याच भिंतीखाली, त्याच वेठीला आलेली माणसे होती ती. भक्तिकथेने एका मृताला निवडले आणि बाकीच्यांना ढिगाऱ्यात ठेवले. निवडलेल्याला तरी कोठे नेले? दाराबाहेर. महापरिनिब्बान सुत्तात तथागत सांगतात की त्यांच्या अस्थींवर चार महामार्ग मिळतात तेथे स्तूप उभारावा, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या कोणालाही तेथे फूल वाहता यावे. चौकाला दार नसते. पंढरपूरच्या मंदिराचे दार अस्पृश्यांना १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर उघडले. चोखोबांची हाडे तोवर सहा शतके उंबऱ्याबाहेर होती. बाबासाहेबांनी १९४८ च्या आपल्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथाची अर्पणपत्रिका नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीला वाहिली, तेव्हा हे सारे त्यांच्यासमोर असलेच पाहिजे.

संतकथेने हाडे तरी उचलली. पुराणकथेने वस्त्राचे काय केले ते हरिश्चंद्राच्या आख्यानात दिसते. कीर्तनातून, नाटकांतून आणि १९१३ साली दादासाहेब फाळके यांच्या चित्रपटातून ही कथा महाराष्ट्राच्या हाडीमासी खिळली. सत्यासाठी राज्य गेलेला राजा काशीच्या स्मशानात डोंबाचा दास होतो, आणि स्वतःच्या मुलाचे प्रेत घेऊन आलेल्या तारामतीकडूनही प्रेतवस्त्राचा कर मागतो. येथे श्रोते रडतात. कोणासाठी रडतात? राजावर डोंबाचे काम करण्याची पाळी आली म्हणून. जो डोंब पिढ्यान्‌पिढ्या तेच काम करीत आला त्याच्यासाठी एक अश्रू या आख्यानात नाही. उलट तो डोंब खरा डोंबच नव्हता, वेष पालटून आलेला धर्म होता, असा खुलासा शेवटी होतो. म्हणजे स्मशानात प्रेतवस्त्र गोळा करणारा खरा मनुष्य कथेतून पूर्णपणे नाहीसा होतो. करुणरसाचे हे उदाहरण आपण अजून किती दिवस मुलांना सांगणार आहोत?

आता पालि परंपरेकडे वळू. विनयपिटकात उपसंपदेच्या वेळी भिक्षूला चार आधार सांगितले जातात. त्यांतील एक पांसुकूल चीवर, म्हणजे धुळीत टाकून दिलेल्या चिंध्यांचे वस्त्र. बुद्धघोषांनी विसुद्धिमग्गात पांसुकूलाचे तेवीस प्रकार मोजले आहेत आणि त्यांत पहिला मान सोसानिकाला, स्मशानात मिळालेल्या वस्त्राला आहे. संयुत्त निकायातील कस्सप संयुत्तात महाकस्सप थेर आपल्या आयुष्यातील एक प्रसंग सांगतात. आपल्या चिंध्यांच्या संघाटीची घडी करून त्यांनी तथागतांना बसावयास दिली. ती मऊ आहे असे तथागत म्हणाले. थेरांनी ती अर्पण केली आणि तिच्या मोबदल्यात तथागतांचे जीर्ण झालेले तागाचे पांसुकूल आपल्या अंगावर घेतले. हे पांसुकूल कोठले? अट्ठकथा सांगते की पुण्णा नावाच्या एका दासीचे प्रेत ज्या वस्त्रात गुंडाळून कच्च्या स्मशानात टाकले होते, ते वस्त्र तथागतांनी तुंबाभर किडे झटकून उचलले होते.

अट्ठकथेतील तपशील इतिहास म्हणून घ्यावा की नाही, हा प्रश्न येथे बाजूला ठेवू. परंपरेने काय सांगावयाचे ठरविले ते पाहू. एका दासीच्या प्रेतावरचे कापड जगाच्या शास्त्याच्या अंगावर येते आणि तेथून मगधातील एका श्रीमंत ब्राह्मणकुळात जन्मलेल्या थेराच्या अंगावर जाते. मनूच्या व्यवस्थेत वस्त्र ज्या दिशेने वाहते, तिच्या नेमकी उलट ही दिशा आहे.

धम्मपद अट्ठकथेतील काळीची कथाही याच जातीची. काळी ही स्मशानाची राखणदार, प्रेते जाळणारी स्त्री. महाकाल थेर तिच्या स्मशानात ध्यानासाठी राहू लागले तेव्हा तीच त्यांना सोसानिकाचे नियम समजावून सांगते: स्मशानाच्या राखणदाराला, विहारातील ज्येष्ठ थेरांना आणि गावप्रमुखाला कळविल्याशिवाय येथे राहू नये. का? तर चोर मुद्देमाल टाकून पळाले की आळ भिक्षूवर येतो. किती व्यवहारी शिकवण आहे ही! पुढे ध्यानास योग्य असे प्रेत आले की ती थेरांना सांगते. ज्या स्त्रीची सावली मनूच्या गावाला विटाळ होती, ती येथे थेरांची मार्गदर्शिका आहे, आणि अट्ठकथाकाराला त्यात काही विशेष घडले असे वाटतही नाही.

येथेच आपल्या समीक्षेतील पहिल्या चुकीचा उगम आहे, आणि ती चूक आपल्याच लोकांची असल्यामुळे तिच्याविषयी अधिक स्पष्ट बोलले पाहिजे. भाषणांतून आणि क्वचित लेखांतूनही असे म्हटले जाते की महारांकडे असलेला प्रेतवस्त्राचा हक्क हा मुळात पांसुकूलाचाच अवशेष होय. आपले पूर्वज बौद्ध होते, स्मशानात ध्यान करणारे होते, पुढे त्यांच्या तपाचे वतन झाले. ऐकायला हे गोड वाटते. अपमानाच्या खुणेचे सन्मानाच्या खुणेत रूपांतर करण्याची मनुष्याची धडपडही समजण्यासारखी आहे. आधार म्हणून बाबासाहेबांच्या १९४८ च्या ग्रंथाचे नाव घेतले जाते. परंतु त्या ग्रंथातील सूत्र पराभूत टोळ्यांतून फुटलेली माणसे, त्यांचे बौद्ध असणे आणि गोमांस न सोडणे हे आहे. प्रेतवस्त्रावर त्यांनी आपली उपपत्ती उभारलेली नाही. जे त्यांनी म्हटले नाही ते त्यांच्या नावावर घालणे हा त्यांचा गौरव नव्हे.

आणि विनयाची साक्ष तर या समीकरणाच्या सरळ विरुद्ध आहे. दुसऱ्या पाराजिकेच्या विवेचनात एक प्रकरण नोंदले आहे. एका भिक्षूने स्मशानात न कुजलेल्या प्रेतावरचे कापड उचलले. त्या शरीरात राहिलेला प्रेतात्मा म्हणाला, माझे वस्त्र नेऊ नका. भिक्षूने ऐकले नाही. प्रेत उठून त्याच्या मागोमाग विहारापर्यंत आले. तथागतांनी ही चोरी ठरविली नाही, पण न कुजलेल्या प्रेतावरचे वस्त्र घेऊ नये, घेतल्यास दुक्कट होय, असा नियम केला. कथेतील अद्‌भुत भाग सोडून दिला तरी नियमाचा अर्थ उरतो: जोवर त्या कापडावर कोणाची मालकी आहे, मग ती मृताची का असेना, तोवर ते पांसुकूल नाही. पांसुकूल हे बेवारस असले पाहिजे. वतनातील कापड तर मोलाचे होते. सरपण फोडल्याचा, निरोप नेल्याचा तो मोबदला होता, आणि तो ताज्या प्रेतावरूनच मिळत होता.

याहून निर्णायक गोष्ट पुढची आहे. जीवकाने तथागतांना सिवी देशाचे उत्तम वस्त्र दिले, तेव्हा त्यांनी गृहस्थांनी दिलेली चीवरे घेण्यास संघाला अनुज्ञा दिली. ज्याला हवे त्याने पांसुकूल वापरावे, ज्याला हवे त्याने गृहस्थाचे चीवर घ्यावे. (या सिवेय्यक वस्त्राचा अर्थ अट्ठकथाकाराने ‘शिवथिकेचे’, म्हणजे उत्तरकुरूत प्रेते गुंडाळण्याचे वस्त्र असाही लावला आहे, प्रेतवस्त्र या परंपरेची पाठ सोडीत नाही ते असे.) पुढे देवदत्ताने ज्या पाच मागण्या केल्या त्यांत भिक्षूंनी आजन्म पांसुकूलच वापरावे, गृहस्थाचे चीवर घेणारा दोषी ठरावा, ही एक होती. तथागतांनी ती नाकारली. ज्यांनी घरदार स्वेच्छेने सोडले होते, त्यांच्यावरसुद्धा प्रेतवस्त्राची सक्ती करण्यास त्यांनी नकार दिला! मग जन्मतःच, पिढ्यान्‌पिढ्या, नाकारण्याची सोय न ठेवता लादलेल्या कापडाला पांसुकूल म्हणणे म्हणजे नकळत देवदत्ताचा पक्ष घेणे होय. किंबहुना देवदत्तानेही इतके मागितले नव्हते.

औंढ्याला वर्षावासात कस्सप संयुत्तावर बोलत असता एका वृद्ध उपासकांनी मध्येच सांगितले, “सर, आमच्या आज्याच्या वक्ताला त्यो कपडा घरी यायचा. धुतला तरी वास जात न्हवता म्हने. पर थंडीत लेकरांना तेवढंच व्हतं.” या तीन वाक्यांपुढे अवशेषाचा सिद्धांत टिकत नाही.

दुसरी चूक प्रस्थापित समीक्षेची आहे. अण्णा भाऊ साठे यांच्या ‘स्मशानातील सोनं’ या कथेचे रसग्रहण बहुधा भयानक आणि बीभत्स या शब्दांनी केले जाते. कथा सर्वपरिचित आहे. वारणेकाठचा धिप्पाड भीमा पोटासाठी मुंबईला येतो; उपनगरातील दगडाच्या खाणीचे काम थांबते आणि तो बेकार होतो. स्मशानातील राखेत त्याला सोने सापडते आणि तो राख चाळू लागतो, पुढे मढी उकरू लागतो. एका रात्री धनिकाचे पुरलेले प्रेत उकरताना त्याला कोल्ह्यांच्या टोळीशी झुंजावे लागते. प्रेताच्या तोंडातून सोने काढताना त्याची बोटे त्या दातखिळीत अडकतात. शेवटी ती बोटे कापावी लागतात आणि त्याच वेळी बातमी येते की खाण पुन्हा सुरू होत आहे.

बीभत्साचा स्थायीभाव जुगुप्सा. भवभूती आपल्या विदर्भातला. त्याच्या ‘मालतीमाधवा’च्या पाचव्या अंकातील स्मशान हे बीभत्साचे शास्त्रोक्त उदाहरण मानतात. त्या स्मशानात माधव नरमांस विकावयास जातो, परंतु ते प्रेमपूर्तीसाठी केलेले साहस आहे. तो तेथला नाही, सकाळी परत जाणार आहे. प्रेक्षकही परत जाणार असतो. किळस वाटण्यासाठी अंतर लागते. ज्याचे पोट स्मशानावर अवलंबून आहे त्याला किळस परवडत नाही. भीमाला ती वाटत नाही, कारण जिवंतांचे जग त्याला अधिक भयंकर वाटते. श्रीमंताच्या राखेत सोने असते, गरिबाच्या राखेत नसते, हा त्याचा साधा हिशेब आहे. मृत्यू सर्वांना समान करतो या सुभाषिताचे इतके नेमके खंडन मराठीत दुसरीकडे क्वचितच झाले असेल.

अशुभभावनेच्या कसोटीवर ही कथा ठेवून पाहिली तर वेगळेच काही हाती लागते. सतिपट्ठान सुत्तात शिवथिकेची नऊ अवलोकने आहेत: फुगलेले प्रेत, पशुपक्ष्यांनी खाल्लेले प्रेत, विखुरलेली हाडे, आणि अखेर त्यांचा भुगा. प्रत्येक अवलोकनानंतर भिक्षू ते शरीर आणि आपले शरीर यांची तुलना करतो आणि माझेही शरीर याच स्वभावाचे आहे असे जाणतो. बीभत्स रस प्रेतापासून दूर नेतो. अशुभभावना त्याच्याजवळ नेते. आता भीमाची अडकलेली बोटे आठवा. मृताचा जबडा आणि जिवंताचा हात यांतले अंतर तेथे अक्षरशः संपते. पण भिक्षूला जे ज्ञान होते ते भीमाला होत नाही, होऊ शकत नाही. कारण भिक्षू आपल्या इच्छेने तेथे बसलेला असतो आणि भीमाला भुकेने तेथे लोटलेले असते. खाण सुरू झाल्याची बातमी ऐकून तो लहान मुलासारखा रडतो, तो बोटे गेली म्हणून नव्हे. डोंगर फोडणारी बोटे कामाला लागण्याच्या दिवशीच गेली म्हणून. अण्णा भाऊंना मृत्यूविषयी नव्हे, श्रमाविषयी बोलायचे होते. जुगुप्सेच्या चष्म्यातून हे दिसत नाही.

जाता जाता प्रेमचंदांच्या ‘कफन’चा उल्लेख करावयास हवा. सुनेच्या कफनासाठी मिळालेले पैसे बाप-लेक दारूत उडवितात, या कथेवर हिंदीतील दलित समीक्षकांनी जो आक्षेप घेतला आहे तो मला बराचसा मान्य आहे. कफनावाचून मरणारी स्त्री आणि तिच्यावर रागावलेला वाचक यांच्यामध्ये, जिवंतपणी फाटके आणि मेल्यावर नवे कापड हा रिवाज निर्माण करणारी व्यवस्था निसटून जाते, जरी कथेतील घीसू स्वतःच त्या रिवाजावर बोट ठेवतो.

हे सारे केवळ वाङ्मयाचे प्रश्न राहिलेले नाहीत. ७ डिसेंबर १९५६ रोजी दादरच्या चौपाटीवर बाबासाहेबांच्या पार्थिवावर बौद्ध पद्धतीने अंत्यसंस्कार झाले, तेव्हापासून आपण त्रिशरण-पंचशील आणि अनित्यतेच्या गाथेने मृताला निरोप देत आलो. श्राद्धपक्ष व पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा बावीसांतली सहावी. तरीही दहाव्या-तेराव्याचा हिशेब पुण्यानुमोदनाच्या पत्रिकेत शिरलेला दिसतो, आणि ‘जलदान’ हा शब्द काही घरांत तिलांजलीच्या अर्थाने उच्चारला जातो. तिरोकुड्ड सुत्तात उंचावर पडलेले पाणी सखल भागाकडे वाहते ही उपमा आहे. तिच्यावरून लंकेत पाणी ओतण्याचा विधी रूढ झाला. तो विधी समजून करणारे आपल्याकडे थोडे.

अलीकडे लंकेतील ‘मतकवस्त्र’ पूजा आपल्याकडे आणावी अशीही सूचना कानी येते. लंकेत प्रेतयात्रेच्या वेळी शुभ्र वस्त्र भिक्षुसंघाला अर्पण करतात, थायलंडमध्येही पांसुकूलाच्याच नावाने असा विधी आहे, आणि दोन्हीकडे अनित्यतेची गाथा म्हटली जाते. गावातील सर्वांत आदरणीय व्यक्ती मृताच्या नावाचे वस्त्र स्वीकारते, हे दृश्य पाहिलेल्या मराठी बौद्धाला ते आपल्या गावी घडावेसे वाटणे स्वाभाविक आहे. माझे मत असे की घाई करू नये. लंकेतले वस्त्र कोरे असते आणि ते घेणाऱ्याच्या आज्याने कधी मढ्याचे कापड धुतलेले नसते. आपल्याकडे ज्या घरांत ती आठवण अजून जिवंत आहे, तेथे वस्त्र द्यावयाचे झाल्यास ते प्रेतापासून दूर, पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात, चीवर म्हणून द्यावे. आणि मृताच्या अंगावरचे कापड मृताबरोबरच अग्नीला अथवा भूमीला जाऊ द्यावे.